भार किती आणि कुठे? : आसभाराची गोष्ट

साखर कारखान्याच्या दारातला वजनकाटा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. उसाने भरलेली बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा ट्रक काट्यावर उभा राहतो, आकडा लिहिला जातो, मग रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि दोन्हींची वजाबाकी म्हणजे ऊस. कारखान्याला हवे असते ते एकूण वजन. गाडीत ऊस पुढे भरला आहे की मागे, याच्याशी काटेवाल्याला काही कर्तव्य नसते.

पण गाडीवानाला असते. बैलगाडीत माल पुढे जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर बसते. मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते आणि चढावर जू वर उचलले जाते. एकूण वजन तेच, पण ते कुठे पडले आहे यावर बैलांचे हाल आणि गाडीची सुरक्षितता अवलंबून असते. म्हणजे 'गाडीत किती वजन आहे' आणि 'ते वजन कशावर पडले आहे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रस्त्यांच्या आणि वाहनांच्या इतिहासात हा दुसरा प्रश्न नीट विचारायला माणसाला बराच काळ लागला. आणि त्याचे उत्तर सामान्य कुटुंबांच्या दारापर्यंत पोचले ते एका अनपेक्षित वाहनामुळे : अमेरिकेतील 'मोटारहोम' म्हणजे चाकांवरच्या घरामुळे. त्याची ही हकीकत.

पथकर नाक्यावरचा काटा

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये अनेक रस्ते पथकर मंडळांच्या ताब्यात होते. प्रवाशांकडून कर घ्यायचा आणि त्यातून रस्ता दुरुस्त ठेवायचा, अशी ती व्यवस्था. रस्ते मातीचे आणि खडीचे. पावसाळ्यात जड मालगाड्यांची चाके त्यांत खोल चाकोऱ्या पाडीत. तेव्हा १७४१ साली ब्रिटिश संसदेने नाक्यांवर वजनकाटे बसवण्याची आणि तीन टनांहून जास्त वजनाच्या गाड्यांकडून जादा कर घेण्याची मुभा दिली. त्याच दशकात जॉन वायट या कारागिराने जोडतरफांचा असा काटा बनवला की त्याच्या फळीवर अख्खी गाडी चढवून थोड्याशा वजनमापांनी तिचा भार तोलता येई. आजच्या वजनकाट्याचा तो पूर्वज म्हणता येईल.

यानंतर १७५३ साली चाकांच्या रुंदीचा कायदा आला. पथकराच्या रस्त्यांवरील मालगाड्यांची चाके ९ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर रुंद असावीत, असा त्याचा आग्रह होता. कल्पना अशी की रुंद चाक रुतणार नाही, उलट रोलरसारखे रस्ता दाबून काढील. विचार चांगला होता, पण गाडीवाल्यांनी पळवाट शोधली. चाकाची लोखंडी धाव मध्यभागी उंच आणि कडांना उतरती ठेवली, की कायद्याला चाक रुंद दिसे आणि रस्त्याला मात्र मधला अरुंद पट्टाच टेकत असे. कायद्याने मोजली ती चाकाची रुंदी. रस्त्याला लागत होता तो प्रत्यक्ष टेकलेल्या भागावरचा दाब. जे मोजायला सोपे ते मोजले गेले, जे महत्त्वाचे ते राहून गेले. पुढच्या दोनशे वर्षांत ही चूक वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा झाली.

एकूण वजनाकडून आसाकडे

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार-ट्रक आले. भरीव रबरी टायरांचे हे ट्रक घोडागाड्यांपेक्षा कितीतरी जड आणि वेगवान होते. अमेरिकेत १९१३ साली मेन, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी ट्रकच्या वजनावर पहिल्या मर्यादा घातल्या. मेनने १८,००० पौंड ठरवले, तर मॅसॅच्युसेट्सने २८,००० पौंड. (१,००० पौंड म्हणजे सुमारे ४५४ किलो.) एकाच देशातील दोन राज्यांत एवढा फरक असण्याचे कारण उघड आहे. रस्ता नेमका किती भार सोसतो याचे मोजमाप कोणाकडेच नव्हते.

हळूहळू अभियंत्यांच्या ध्यानात आले की रस्त्याच्या एखाद्या ठिकाणी अख्खा ट्रक एकदम कधीच उभा राहत नाही. तिथून आधी पुढचा आस जातो, मग मागचा. आस म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणारा दांडा, ड्रायव्हर मंडळींच्या भाषेत अ‍ॅक्सल. रस्त्याला 'कळते' ते त्या क्षणी वरून जाणाऱ्या आसाचे वजन. म्हणून मर्यादा घालायची तर ती आसावर घातली पाहिजे. १९५६ साली अमेरिकेने आंतरराज्य महामार्गांचे प्रचंड जाळे बांधायला घेतले, तेव्हा केंद्रीय कायद्याने एका आसावर १८,००० पौंड आणि जवळजवळ असलेल्या जोड-आसांवर मिळून ३२,००० पौंड अशी मर्यादा ठरवली.

पण १८,००० च का? २२,००० पौंडांनी असे काय बिघडणार होते? याचे उत्तर मिळवण्यासाठी जो प्रयोग झाला, तो रस्त्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या प्रयोगांपैकी एक आहे.

ओटावाचा प्रयोग

इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ, पुढे जिथून महामार्ग जायचा होता त्या जागेवर, रस्त्यांची सहा वेटोळी बांधण्यात आली. त्यांत डांबरी आणि काँक्रीटचे मिळून आठशेहून अधिक तुकडे होते. प्रत्येकाची जाडी आणि थर वेगळे. एका वेटोळ्यावर वाहतूक मुळीच सोडली नाही, म्हणजे केवळ ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी रस्ता किती खराब होतो ते समजावे. विज्ञानाच्या शिक्षकांना ही युक्ती लगेच ओळखू येईल : प्रयोगातील तुलनेचा गट तो हाच. उरलेल्या पाच वेटोळ्यांवर प्रत्येक मार्गिकेला एकच ठरावीक आसभार दिला होता. सर्वांत हलका २,००० पौंडांचा, तर सर्वांत जड एकेरी आस ३०,००० पौंडांचा आणि जोड-आस ४८,००० पौंडांचा.

१९५८ च्या शरद ऋतूपासून नोव्हेंबर १९६० अखेरपर्यंत अमेरिकन सैन्यातील जवान हे ट्रक त्याच त्या वेटोळ्यांवर फिरवत राहिले. प्रत्येक मार्गिकेवरून ११ लाख १४ हजार वेळा आस गेले. खर्च झाला सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर. रस्ता 'खराब' झाला म्हणजे काय हेही ठरवावे लागले. त्यासाठी काही माणसांच्या गटाने रस्त्यांवरून गाडी चालवून शून्य ते पाच असे गुण दिले आणि त्या गुणांची सांगड खड्डे, भेगा, उंचसखलपणा यांच्या मोजमापांशी घातली.

निष्कर्ष धक्कादायक होता. आसभार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नव्हती. ती साधारण भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढत होती. म्हणजे भार दुप्पट, तर झीज २ × २ × २ × २ = १६ पट! एक टनाच्या छोट्या मोटारीच्या प्रत्येक आसावर अर्धा टन भार धरला आणि १० टनांच्या ट्रक-आसाशी त्याची तुलना केली, तर भाराचे प्रमाण २० पट आणि झिजेचे १,६०,००० पट होते. रस्ते मोटारींमुळे नव्हे, तर जड आसांमुळे खराब होतात हे या आकड्यावरून स्पष्ट व्हावे.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. 'चौथा घात' हा न्यूटनच्या नियमासारखा निसर्गनियम नाही. तो एका गावच्या मातीवर, एका हवामानात, दोन वर्षांच्या निरीक्षणांवर बसवलेला आलेख आहे. रस्त्याच्या प्रकारानुसार हा घात कमीजास्त होतो. तरीही भाराच्या मानाने झीज फार वेगाने वाढते हा गाभा टिकून राहिला आहे. १८,००० पौंडांचा आस 'प्रमाण आस' ठरला आणि इतर सर्व वाहने 'इतक्या प्रमाण आसांइतकी' अशी मोजली जाऊ लागली. १९७४ च्या सुधारित कायद्याने एका आसाची मर्यादा २०,००० पौंड, जोड-आसांची ३४,००० पौंड आणि एकूण वजन ८०,००० पौंड अशी केली. पुलांच्या काळजीने आसांमधले अंतरही हिशेबात घेणारे सूत्र त्यात आले.

घराला चाके लागतात

इथवरची गोष्ट रस्त्याच्या बाजूने झाली. आता वाहनाच्या बाजूने पाहू. आसावर जास्त भार पडला तर रस्ता झिजतो, तसाच आसही थकतो. आणि तो तुटला किंवा त्याचा टायर फुटला तर गाडीतील माणसे संकटात येतात.

मोटारीला राहण्याची सोय जोडण्याची हौस जुनी आहे. १९१० साली पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने बिछाना आणि इतर सोयी असलेली प्रवासी मोटार न्यूयॉर्कमधील प्रदर्शनात मांडली होती. पण आजच्या अर्थाने मोटारहोमचे उत्पादन सुरू झाले ते १९६० च्या सुमारास. मिशिगनमधील रेमंड फ्रँक यांनी डॉजच्या ट्रकच्या सांगाड्यावर घर उभारून ते विकायला काढले. १९६६ साली आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने कारखान्याच्या साखळी पद्धतीने मोटारहोम बनवायला सुरुवात केली आणि ही वाहने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. निवृत्त जोडपी घर विकून चाकांवर राहू लागली.

या वाहनाच्या जन्मातच एक अडचण होती. सांगाडा, म्हणजे चासी, इंजिन, आस, स्प्रिंगा आणि ब्रेक एक कंपनी बनवते. त्यावरचे घर दुसरी कंपनी बांधते. आणि सामान भरतो तिसराच, म्हणजे मालक. चासीवाला सांगतो, 'माझा सांगाडा एवढा भार पेलेल.' घरवाला त्यावर ओटा, फ्रीज, कपाटे, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या, जनित्र आणि वातानुकूलन यंत्र बसवतो. गिऱ्हाइकाला दुकानात दिसते ते लाकूडकाम आणि गादी. आस कोणालाच दिसत नाही.

१९९० च्या सुमारास बाहेर सरकणाऱ्या खोल्या आल्या. गाडी उभी केली की भिंतीचा एक भाग कपाटाच्या खणासारखा बाहेर सरकवायचा आणि खोली रुंद करायची. सोय मोठी होती. पण त्यासाठी लागणारी पोलादी चौकट, मोटारी आणि दुहेरी भिंती यांचे वजनही मोठे होते, आणि ते बहुधा एकाच बाजूला पडे.

मानांकन म्हणजे काय?

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून मोटारवाहनावर दोन प्रकारचे आकडे असलेली पट्टी लावणे बंधनकारक आहे. पहिला आकडा एकूण वाहनभाराचा : माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन जास्तीत जास्त किती असावे. दुसरा प्रत्येक आसासाठी वेगळा : त्या आसावर जास्तीत जास्त किती भार पडावा. यालाच आसभार मानांकन म्हणू या. हा भार टायर जमिनीला टेकतो तिथे मोजायचा असतो.

आसभार मानांकन केवळ आसाच्या दांड्याचे नसते. दांडा, बेअरिंगे, स्प्रिंगा, चाकाची रिम, टायर आणि ब्रेक ही एक साखळी आहे, आणि साखळीची ताकद सर्वांत कच्च्या कडीइतकीच. म्हणून कोणी जास्त भार सोसणारे टायर बसवून घेतले तरी मानांकन वाढत नाही. बाकीच्या कड्या जुन्याच राहतात. मोठ्या मोटारहोममध्ये मागच्या आसाचे मानांकन पुष्कळदा २०,००० पौंड, म्हणजे सुमारे ९ टन असते. हा आकडा आपण आत्ताच महामार्गाच्या कायद्यात पाहिला. रस्त्यासाठी ठरलेली मर्यादा ट्रकचे आस बनवणाऱ्यांनी डोळ्यांपुढे ठेवली आणि ट्रकचे तेच आस घरांखाली आले. आणखी भार पेलायचा झाला तर मागे इंजिनाशी न जोडलेला तिसरा आस द्यावा लागतो.

आता एक उदाहरण पाहू. समजा, एका मोटारहोमचे एकूण मानांकन १४,२०० किलो, पुढच्या आसाचे ५,४०० आणि मागच्याचे ९,००० किलो आहे. काट्यावर पुढचा आस ४,९०० आणि मागचा ९,२५० किलो भरला. बेरीज १४,१५०. एकूण मर्यादेपेक्षा ५० किलो कमी! मालक खूश होऊन निघेल. पण मागचा आस २५० किलोंनी जास्त भरला आहे. एकूण वजनाच्या एका आकड्यात हा धोका लपून राहतो.

असे का होते, हे तरफेचा नियम शिकलेला विद्यार्थी सांगू शकेल. पुढच्या आणि मागच्या आसांत ६ मीटर अंतर आहे आणि सामानाचा कप्पा मागच्या आसाच्याही ३ मीटर मागे आहे असे धरा. त्या कप्प्यात २०० किलो सामान ठेवले. पुढच्या आसाभोवती आघूर्ण घेतले तर २०० × ९ = १,८००. ते तोलण्यासाठी मागच्या आसावर १,८०० ÷ ६ = ३०० किलो भार पडतो! सामान २०० किलोंचे, पण मागच्या आसावर वाढ ३०० किलोंची. मग पुढच्या आसाचे १०० किलो कमी होतात. सीसॉचाच हा खेळ, आणि बैलगाडी उलाळ होण्याचे कारणही हेच. पुढचा आस हलका झाला की दिशा बदलणाऱ्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी होते, म्हणजे दुहेरी नुकसान.

पाणीही सामानच

आता एक वजाबाकी, आणि तिच्यात दडलेला इतिहास. मोटारहोम विकत घेणाऱ्याला जाणून घ्यायचे असते ते हे की गाडी तयार झाल्यावर माझ्यासाठी किती क्षमता उरली? पट्टीवर मानांकन होते, पण उरलेली क्षमता नव्हती. भपकेबाज गाडी दुकानातच मानांकनाच्या जवळ पोचलेली असू शके, आणि कुटुंबाला ते कळायला मार्ग नव्हता. कपडे, भांडी, पुस्तके, अवजारे भरून ती माणसे डोंगराळ रस्त्यांवर निघत.

१९९६ साली या उद्योगाच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या गाड्यांत वजनाची पट्टी लावायला सुरुवात केली. तिच्यात एकूण मानांकनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून उरणारी क्षमता दिलेली असे. २००० साली रीत बदलली. आता त्यातून भरलेल्या पाण्याचे, स्वयंपाकाच्या गॅसचे आणि झोपण्याच्या जागांइतक्या माणसांचे (प्रत्येकी १५४ पौंड, म्हणजे ७० किलो) वजनही आधीच वजा होऊ लागले. पुढे केंद्र सरकारने डिसेंबर २००७ मध्ये नियम केला आणि तो २००८ पासून लागू झाला. त्यानुसार नव्या मोटारहोमवर 'माणसे आणि सामान मिळून इतक्या वजनापेक्षा जास्त नको' असे लिहिलेली पट्टी लावावी लागते. पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्याचे वजन किती, आणि ते सामानातच धरायचे, हेही तिच्यावर छापावे लागते.

या तीन पद्धतींतला फरक आकड्यांनी पाहा. समजा एकूण मानांकन १०,००० किलो, रिकामी गाडी ९,००० किलो, गॅस ३० किलो, पाणी ३०० किलो आणि झोपायच्या जागा सहा. १९९६ च्या पद्धतीने क्षमता १,००० किलो. २००० च्या पद्धतीने १,००० − ३० − ३०० − ४२० = २५० किलो. २००८ च्या पद्धतीने १,००० − ३० = ९७० किलो, पण यात माणसे आणि पाणी दोन्ही आली. गाडी एकच, आकडे तीन, आणि तिन्ही खरे! आकडा वाचताना 'यात काय धरले आहे आणि काय सोडले आहे' हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. वर्गात टक्केवारी किंवा सरासरी शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

पाणी सामान आहे हे छापून सांगावे लागते, यात हसण्यासारखे काही नाही. नळाने टाकीत येणारे पाणी आपल्याला 'वजन' वाटतच नाही. पण ३८० लिटरची टाकी भरली की पाच माणसांहून अधिक वजन गाडीत चढलेले असते, आणि टाकी मागे असेल तर तरफेच्या नियमाने मागच्या आसावर त्याहूनही जास्त.

पट्टीने अज्ञान कमी केले, पण काट्याची गरज संपवली नाही. पट्टी एकूण क्षमता सांगते. सामान कोणत्या आसावर पडले हे ती सांगू शकत नाही. म्हणून जाणकार मालक प्रवासाला निघण्यापूर्वी भरलेली गाडी ट्रकच्या काट्यावर नेऊन प्रत्येक आस वेगळा तोलतात. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक चाकाखाली वेगळा काटा ठेवणे. समजा पुढच्या आसावर ५,००० किलो आहेत आणि त्याचे दोन टायर प्रत्येकी २,६०० किलो पेलू शकतात. वरवर सारे ठीक. पण बाहेर सरकणारी खोली, फ्रीज आणि जड कपाटे डाव्या बाजूला असतील, तर डाव्या चाकावर २,७०० आणि उजव्यावर २,३०० किलो असू शकतात. डावा टायर शंभर किलोंनी जास्त भारलेला आहे.

हे शंभर किलो गंभीर का? जास्त भाराखाली टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि पुन्हा सरळ होतो. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. वेग जास्त, ऊन कडक आणि हवा कमी असेल तर टायरमधले थर सुटतात आणि तो फुटतो. पुढचा टायर फुटला तर अवजड गाडी एका बाजूला ओढली जाते. ब्रेकचेही तसेच आहे. उतारावर गाडीची ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, आणि वजन जितके जास्त तितकी ही उष्णता जास्त.

आपल्या रस्त्याखालचे १८,००० पौंड

मोटारहोम आपल्याकडे विरळाच दिसतात. मग या साऱ्याशी आपला संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध पायाखालीच आहे. भारतातील डांबरी रस्त्यांची जाडी ठरवताना इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका ८० किलोन्यूटनचा प्रमाण आस धरते. त्याचे वजन होते ८,१६० किलो, म्हणजेच सुमारे १८,००० पौंड! ओटावाच्या वेटोळ्यांवरून फिरलेला तो आस आपल्या महामार्गांच्या हिशेबात आजही आहे.

जुलै २०१८ मध्ये भारत सरकारने मालवाहनांचा मान्य आसभार वाढवला. चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली आणि जोड-आसांची १९ वरून २१ टन. एकेरी आसावरील वाढ सुमारे पावणेतेरा टक्के. चौथ्या घाताने हिशेब केला तर? ११.५ ला १०.२ ने भागून येते १.१२७. त्याचा चौथा घात सुमारे १.६२. म्हणजे मर्यादेइतका भरलेला आस प्रत्येक फेरीला पूर्वीपेक्षा सुमारे ६२ टक्के जास्त झीज करतो. त्याच खेपेत मालही जास्त जातो आणि वाहतूक स्वस्त होते, ही दुसरी बाजूही खरी आहे. निर्णय चूक की बरोबर हे त्यावरून लगेच ठरत नाही; पण १३ टक्के आणि ६२ टक्के हे दोन्ही आकडे समोर ठेवूनच तो तपासला पाहिजे. २०१९ च्या सुधारित मोटारवाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. म्हणजे टन वाढतील तसा दंड एका सरळ रेषेत वाढतो. रस्त्याची झीज मात्र त्या रेषेत वाढत नाही.

वर्गात करून पाहा

घरगुती वजनाचे दोन काटे, एक लांब फळी आणि चार-सहा विटा एवढ्यावर हा सारा धडा करून दाखवता येतो. दोन काट्यांवर एकेक वीट ठेवून त्यांवर फळी टाका. एक टोक एका काट्याच्या बरेच बाहेर राहू द्या. आता फळीवर एक वीट मध्यभागी ठेवा आणि दोन्ही काटे वाचा. मग ती वीट एका काट्याकडे सरकवत न्या, आणि शेवटी काट्याच्या पलीकडच्या टोकावर ठेवा. प्रत्येक वेळी तीन आकडे लिहायला सांगा : पहिला काटा, दुसरा काटा आणि बेरीज. बेरीज बदलणार नाही. पण शेवटच्या वेळी एका काट्यावरची वाढ विटेच्या वजनापेक्षाही जास्त असेल, आणि दुसऱ्यावर घट दिसेल. फळी कलंडणार नाही एवढी काळजी घ्या. मुलांना विचारा : 'विटेचे वजन वाढले का?' हा प्रश्न वर्गात चांगली चर्चा घडवतो.

नंतर जवळच्या एखाद्या वजनकाट्याला भेट द्या. तिथे ट्रक आधी फक्त पुढच्या चाकांवर आणि मग पूर्ण चढवून तोलता आला, तर वजाबाकीने मागच्या आसांवरचा भार मिळेल. गाडीच्या नोंदणी-पुस्तकात आसभाराचे आकडे असतात. त्यांच्याशी ताडून पाहा.

पथकर नाक्यावरच्या काट्याने एकूण वजन मोजले, चाकांच्या कायद्याने रुंदी मोजली, ओटावाच्या जवानांनी आस मोजले, आणि मोटारहोमच्या मालकांनी अखेर एकेक चाक तोलायला घेतले. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न थोडा अधिक नेमका झाला. पुढच्या वेळी एसटी स्थानकावर टपावर पोती चढताना किंवा उसाची ट्रॉली मागे झुकलेली दिसली, की 'किती भरले आहे?' याबरोबर 'कोणत्या आसावर?' हेही मुलांना विचारायला सांगावे.